खेळाचा तास गणिताच्या आधी

पोरी, मुरबाडच्या शाळेवर तुझी नेमणूक झाली, आता वर्गाचं वेळापत्रक तुझ्या हाती आलं. शहापूर-मुरबाडच्या पोरांना शिकवताना जे उमगलं, ते तुला सांगून ठेवतो. अंग हललं की डोकंही चालतं. म्हणून खेळ हा अभ्यासातून उरलेल्या वेळात उरकायचा विषय समजू नकोस.

अवघड तास हालचालीनंतर घे. परिपाठ झाला की वीस मिनिटं पोरांना झपझप चालव, मग भागाकार काढ. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने २००९ साली नऊ-दहा वर्षांच्या मुलांवर हेच पाहिलं. वीस मिनिटं चालल्यावर त्यांचं लक्ष कमी विचलित झालं आणि वाचलेलं जास्त समजलं.

डोकं लागेल असा खेळ निवड. खो-खोत आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. खो मिळेपर्यंत उठायचं नाही, धरलेली दिशा मध्येच सोडायची नाही. आलेली उबळ आवरायची, नियम ध्यानात ठेवायचे, समोरच्याचा डाव ओळखायचा. गणितालाही हेच लागतं. नुसत्या मैदानाच्या फेऱ्यांनी दम वाढेल, पण हे सगळं मिळणार नाही. लगोरी, आट्यापाट्या, सूरपारंब्याही खेळव. यांना पैसा लागत नाही.

पोर काय करून आलंय ते आधी विचार. तानसा, वैतरणा, भातसा धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात शहापूरचे पाडे टँकरची वाट बघतात. सकाळी हंडे वाहून आलेल्या मुलीचे श्रम झालेले असतात, खेळ झालेला नसतो. तिला पाणी दे, जरा टेकू दे, मग डावात घे. 'हिचा व्यायाम झालाच की' म्हणून तिला बाजूला बसवू नकोस.

पोट आणि रक्त बघ. उपाशी पोराला पळवू नकोस. डोळे-नखं पांढुरकी दिसली, थोडक्यात धाप लागली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखव. आपल्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. अशा मुलाला उन्हात, पाण्याविना दमवायचं नाही. किती खेळायचं ते डॉक्टरांना विचारून ठरव.

पावसाळ्यात खंड पडू देऊ नकोस. मैदानात चिखल झाला तर व्हरांड्यात सूर्यनमस्कार, लंगडी, दोरीवरच्या उड्या घे. वर्गात वारली मुलं असतील तर तारपा नाच त्यांनाच शिकवायला सांग. तारप्याचा सूर बदलला की पावलं बदलावी लागतात. कान, पाय आणि लक्ष एकत्र कामाला लागतात, आणि मागे बसणारं पोर त्या दिवशी वर्गाचा गुरुजी होतं.

शिक्षा म्हणून खेळ काढून घेऊ नकोस. पाढा चुकला, दंगा केला, म्हणून ज्याला आत कोंडशील, त्यालाच बाहेर पळण्याची गरज सर्वांत जास्त असते. तो दुसऱ्या दिवशी आणखी चुळबुळेल.

माप सोपं ठेव. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटं अंग घामेजेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळेत अर्धा तास पक्का कर, बाकीचा घरी होईल. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग मध्यम समज. नाडी मोजायला शिकव. मोजणीचा सरावही तिथेच होतो. पोराची तुलना त्याच्याच गेल्या महिन्याशी कर, शेजारच्याशी नको.

हिवाळ्यात नाणेघाट चढव. वैशाखऱ्याकडून जुन्या वाटेने सावकाश वर ने. माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहनांच्या काळचा ब्राह्मी लेख आहे, त्यात दोन हजार वर्षांपूर्वीचे अंक कोरलेले आहेत. चढून तापलेल्या पोरांना ते शोधायला लाव, वहीत उतरवून घ्यायला सांग आणि गणिताचा पुढचा तास त्याच अंकांवर घे.