फळाची नाडी

चैत्र-वैशाखात रत्नागिरी आणि देवगडच्या बागांतून हापूस आंब्याची तोड ऐन भरात असते. झाडावरून उतरविलेला हिरवा आंबा गवताच्या अढीत हळूहळू पिकतो. तो खाण्याजोगा झाला की नाही, हे घरातील वडीलधारी माणसे रंगावरून, वासावरून व बोटाने दाबून ओळखतात. परंतु वारंवार दाबलेले फळ डागाळते. आणि चिरून पाहिलेला आंबा पुन्हा पेटीत ठेवता येत नाही. मग फळाला न दुखविता त्याच्या अंतरंगाची वार्ता कशी मिळवावी?

या कामी विजेचे साहाय्य होते. फळाचा गर असंख्य सूक्ष्म पेशींचा बनलेला असतो. प्रत्येक पेशीत क्षारयुक्त रस असून त्याभोवती अतिशय पातळ पटल असते. रसातून वीज सहज वाहते. पटल मात्र तिला अडविते. ही अडवणूक सर्व प्रवाहांस सारखी नसते. सावकाश दिशा बदलणारा प्रवाह पटलापाशी अडतो व पेशींच्या मधल्या फटींतून वाट काढतो. सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणारा प्रवाह पटल ओलांडून जातो. म्हणून कच्च्या फळात पहिल्या प्रवाहास मोठा अडथळा होतो, दुसऱ्यास थोडा. फळ पिकू लागले की पटले दुबळी होतात, आतील क्षार बाहेर झिरपतात आणि या दोन अडथळ्यांतील तफावत घटत जाते. वैद्याने नाडीवरून प्रकृती जाणावी, तशी या तफावतीवरून फळाची पक्वता जाणता येते.

मोजणीसाठी सुया टोचल्या, तर फळाला जखम होते व तेथून ते नासू लागते. म्हणून ओलसर लेप लावलेल्या धातूच्या दोन चकत्या सालीवर अलगद टेकवितात आणि अतिशय क्षीण प्रवाह सोडतात.

तथापि केवळ आकड्यावर विसंबून चालत नाही. साल स्वतःही विजेला अडविते. फळ थंड की उबदार, यावरूनही आकडा बदलतो. शिवाय प्रत्येक जातीचा स्वभाव निराळा. यासाठी आरंभी काही फळांचे आकडे टिपून ती लगेच चिरतात, गराचा मऊपणा व गोडी तपासतात आणि कोणता आकडा कोणत्या अवस्थेचा, हे ठरवितात. ही थोडी फळे खर्ची पडतात, तेव्हाच पुढील पुष्कळ फळे न कापता पारखता येतात. आकडा यंत्र देते. त्याचा अर्थ मात्र डोळस अनुभवानेच लावावा लागतो.

स्वाध्याय
१. फळ पिकताना पेशींच्या पटलांत कोणता बदल होतो?
२. न कापता फळे पारखण्यासाठी आधी काही फळे का कापावी लागतात?