मागच्या खेपेचे बीपी, या खेपेची काळजी
(वाडीवर जाणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आरोग्यपाठ)



खांदा कॉलनीतून आपण पनवेल तालुक्यातील कातकरी आणि ठाकूर वाड्यांवर जातो. तिथे गरोदर बाई भेटली की आपण नाव नोंदवले का, लोहाच्या गोळ्या घेते का, असे विचारतो. या पाठात आणखी एक प्रश्न शिकायचा आहे: "मागच्या बाळंतपणात काय झाले होते?"

आजार काय आहे?

पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त झाला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांना त्रास होऊ लागला, तर त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. १६०/११० म्हणजे तातडीची वेळ. पुढे झटके आले की ती एक्लॅम्प्सिया. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो.

या आजाराचे मूळ वारेत असते. पहिल्या काही महिन्यांत वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या नीट रुंद होत नाहीत आणि त्याचा परिणाम पुढे दिसतो. म्हणून बीपी सातव्या महिन्यात वाढले, तरी काळजी तिसऱ्या महिन्यातच सुरू करावी लागते.

पुन्हा होतो का?

सर्वांना होत नाही. आधी हा त्रास झालेल्या साधारण सात बायकांपैकी एकीला तो पुढच्या खेपेला पुन्हा होतो. पण त्रासामुळे मागचे बाळंतपण ३४ आठवड्यांच्या आत करावे लागले असेल, तर तीनपैकी एकीला होतो. म्हणून तिला घाबरवू नये, आणि "मागे निभावले, आताही निभावेल" असेही म्हणू नये.

कसे विचारावे?

आजाराचे नाव तिला बहुधा माहीत नसते. म्हणून असे विचारा: तोंडाला, हाताला सूज आली होती का? डोळ्यांपुढे अंधारी येत होती का? झटके आले होते का? बीपीची गोळी सुरू केली होती का? मोठ्या दवाखान्यात का पाठवले? मूल दिवस भरण्याआधी झाले का, फार लहान होते का, पोटातच गेले का? सासूलाही विचारा. झटके आलेल्या बाईला स्वतःला पुष्कळदा काहीच आठवत नाही. जुना कागद असेल तर तो या वेळच्या कार्डासोबत पिशवीत ठेवायला सांगा.

काय करायचे?

१. पाळी चुकताच आशाताईंकडे नोंदणी. बारा आठवड्यांच्या आत डॉक्टरांना मागचा त्रास सांगायचा.

२. अशा बाईला डॉक्टर बहुधा कमी मात्रेची ॲस्पिरिन रोज घ्यायला देतात. ती बाराव्या आठवड्यापासून आणि शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू झाली तर धोका कमी होतो. पाचव्या महिन्यात नाव नोंदवणारीची ही संधी हुकते. मात्र गोळी आपण द्यायची नाही.

३. कॅल्शियमची गोळी चौदाव्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा, जेवणासोबत. लोहाची गोळी वेगळ्या वेळी.

४. सर्व गरोदर बायकांसाठी किमान चार तपासण्या ठरलेल्या आहेत, पण हिला तेवढ्या पुरत नाहीत. डॉक्टर सांगतील तितक्या वेळा बीपी आणि लघवी तपासावी, शेवटच्या महिन्यांत अधिक वेळा. २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांची तपासणी मोफत होते. जोखमीच्या मातेच्या कार्डावर तिथे लाल स्टिकर लावतात.

५. बाळंतपण शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यातच. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११) सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, जेवण आणि वाहन मोफत आहे.

वीटभट्टीचा प्रश्न

आपल्याकडे खरी अडचण इथे आहे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. श्रावणात पाळी चुकली तर दिवाळीला चौथा महिना असतो आणि होळीला आठवा. म्हणजे बीपी वाढण्याचा सगळा काळ भट्टीवर जातो. वाडीच्या वहीत तिचे नाव असते, पण तपासायला ती तिथे नसते. म्हणून निघण्याआधीच कोणती भट्टी, कोणते गाव, कोणाचा फोन हे लिहून घ्या आणि आशाताईंना द्या. तिथल्या आरोग्य केंद्रालाही कळवायला सांगा. गोळ्या आणि कार्ड तिच्यासोबत गेले पाहिजे. मुकादमाला सांगा की तपासणीच्या दिवशी तिला सुट्टी द्यावी आणि रात्री गरज पडली तर गाडी द्यावी.

धोक्याची लक्षणे

न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणे, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणे, तोंडावर अचानक सूज, दम लागणे, बाळाची हालचाल कमी होणे. यांपैकी एकही असेल तर उद्याची वाट न पाहता १०८ला फोन करा.

झटका आला तर तिला डाव्या कुशीवर वळवा. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. दवाखान्यात मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन असते. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतील सुमारे दहा हजार बायकांच्या अभ्यासात या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. कोणी भगताला बोलवा म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नका, आधी गाडी बोलवा. आपणही प्रार्थना करतो, ती गाडीत बसूनही करता येते.

बाळंतपणानंतर

मूल झाले म्हणजे धोका टळला असे नाही. झटके नंतरही येऊ शकतात, म्हणून पहिला आठवडा फार जपावा आणि सहा आठवड्यांपर्यंत बीपी तपासावे. दोन मुलांत पुरेसे अंतर ठेवण्याबद्दल नवराबायको दोघांशी बोला. अशा बाईला पुढील आयुष्यात रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका अधिक असतो. तिचे बीपी वर्षातून एकदा तरी पाहावे.

गटचर्चेसाठी

१. आपल्या वाडीत मागच्या खेपेला असा त्रास झालेल्या किती जणी आहेत?
२. त्यांपैकी दिवाळीनंतर कोण कुठे जाणार आहे?
३. रात्री दोन वाजता त्या वाडीपर्यंत गाडी येते का? येत नसेल तर बाईला रस्त्यापर्यंत कोण आणणार?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर माणसांच्या नावांसह लिहून ठेवा.