वसईजवळच्या वालीवचे खोलगट परस : काय करावे, काय टाळावे

काय करावे

• मातीला हात लावण्याआधी एक पाऊस नीट बघा. पाणी कुठून येते, कुठे थांबते आणि किती तासांनी उतरते ते कागदावर उतरवा.

• जुलै 2018 च्या पुरात कुंपणाच्या भिंतीवर पाणी कुठवर चढले होते ती खूण शोधा. बाहेरचा विजेचा बोर्ड त्या खुणेच्या वर घ्या.

• पाणी सोडायचे ठिकाण सर्वांत आधी ठरवा. समोरच्या गटाराचा तळ परसापेक्षा खाली आहे ना, हे गवंड्याकडून पाण्याच्या नळीने मोजून घ्या. हे जमले नाही तर पुढचा सगळा खर्च मातीत जातो.

• छपराचे पाणी पन्हळीतून आणि पाइपने थेट गटारापर्यंत न्या. 1,000 चौरस फुटांच्या छपरावर 100 मिलिमीटर पाऊस झाला की सुमारे 9,300 लिटर पाणी खाली येते.

• मे महिन्यात फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला इंचभरही उतरले नाही तर ही जमीन पाणी पीत नाही असे धरून चाला.

• त्याच खड्ड्यातली ओली माती बोटांत वळून बघा. सुतळीसारखी वळी न तुटता निघाली तर ती चिकणमाती. रंग निळसर-राखाडी आणि वास कुबट असेल तर तिथे पाणी दीर्घकाळ कोंडून राहते.

• जोत्यापासून पहिल्या 10 फुटांत बाहेरच्या बाजूला 6 इंच उतार द्या. पुढे हिरवळीला दर 10 फुटांना दोन-अडीच इंच पुरतो.

• सर्वांत खोल रेषेवर फूटभर रुंद, दोन फूट खोल चर खणा. आत जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, पाऊण इंची धुतलेली खडी टाका, छिद्रांचा चार इंची पाइप छिद्रे खाली ठेवून बसवा, वर पुन्हा खडी भरा, कापड मिटा आणि मगच माती पसरा.

• चराला 100 फुटांना किमान 1 फूट ढाळ ठेवा. बुजवण्याआधी वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओतून तपासा.

• पाइपच्या तोंडाला उलटे पाणी रोखणारी झडप बसवा. गटार तुंबले की पाणी मागे फिरते.

• पावसाळाभर भरती-ओहोटीचे वेळापत्रक जवळ ठेवा. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की खाडी पाणी घेत नाही. पंप ओहोटी लागल्यावर चालवा.

• उथळ खळगे एका वेळी अर्धा इंच लाल माती आणि शेणखत घालून भरा. त्याहून जाड थराखाली गवत गुदमरते.

• दोन इंचांहून खोल खळग्यावरचे गवत मुळांसकट उचला, माती भरून चोपा, गवत पुन्हा बसवा.

• हरळी किंवा कार्पेट ग्रास लावा. मेक्सिकन लॉनला साचलेले पाणी सोसत नाही.

• काहीही केले तरी ओला राहणारा कोपरा हिरवळीतून सोडून द्या. तिथे अळू, कर्दळ, वाळा छान होतात.

• गटार तुंबले असेल तर मेमध्येच वसई-विरार महापालिकेच्या वालीव प्रभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

काय टाळावे

• डेब्रिजचा भराव घेऊ नका; खाली विटा-काँक्रीट आणि वर चार इंच माती, अशा जागी हिरवळ टिकत नाही.

• कारखान्यांच्या गाळ्यांतून निघणारी राख, भट्टीची मळी किंवा रंगाचा गाळ फुकट मिळाला तरी परसात टाकू नका. त्यातले विष विहिरीत झिरपते.

• परस उंच करून पाणी शेजाऱ्याच्या अंगणात ढकलू नका. आधी त्यांच्याशी बोला. दोघांच्या हद्दीवर एकच चर खणला तर खर्चही वाटला जातो.

• डोंगरातून येणाऱ्या नाल्याच्या वाटेत माती, भिंत किंवा फाटक आणू नका.

• जुने डबके किंवा विहीर बुजवू नका. वसईच्या पश्चिम पट्ट्यात बावखल नावाच्या तळ्यांनी पिढ्यान् पिढ्या पावसाचे पाणी असेच सामावून घेतले आहे.

• निव्वळ शोषखड्ड्यावर विसंबू नका. जुलैत विहीर काठाला आली की जमिनीत पाण्याला जागाच उरत नाही.

• चिकणमातीत चार पाट्या रेती मिसळू नका, ती आणखी घट्ट होते. खाडीची रेती तर नकोच. मिठाने गवत जळते.

• जोत्याला टेकवून माती चढवू नका. ओल घरात येते.

• आंब्या-फणसाच्या बुंध्याभोवती भराव टाकू नका. मुळे गुदमरून झाड हळूहळू मरते.

• मोरीचे किंवा शौचालयाच्या टाकीचे पाणी पावसासाठी खणलेल्या चरात सोडू नका.

• ओल्या हिरवळीवर मोटारसायकल, रोलर किंवा गवत कापायचे यंत्र फिरवू नका. माती दबली की पाणी जिरणे थांबते.

• पिवळ्या पडलेल्या ओल्या गवताला युरिया देऊ नका. त्याला हवा हवी आहे, खत नाही.

• कंटाळून सगळे परस पेव्हर ब्लॉकने झाकू नका.

• हिरवळीवर पाणी आठवडाभर साचू देऊ नका, त्यात डासांची पैदास होते. त्यावर जळके तेलही ओतू नका.

• पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरू नका, मुलांनाही उतरू देऊ नका. नंतर ताप आला तर लेप्टोस्पायरोसिसची शक्यता डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

• पाण्यात उभे राहून पंपाला हात लावू नका. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय पंप जोडूच नका.

• पाण्यात साप दिसला तर मारू नका. बहुतेकदा ते बिनविषारी दिवड असते; ओळख पटत नसेल तर लांब राहा आणि सर्पमित्राला बोलवा.

• नव्या भरावावर पहिल्या वर्षी ओटा, झोपाळा किंवा शेड उभारू नका. एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत माती बसत राहते.

• कापलेले गवत आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या समोरच्या गटारात टाकू नका. तुमच्या परसाचे पाणी तिथूनच जायचे आहे.