पेटीची किल्ली : पाचवी ते सातवीसाठी एक पाठ

चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या खेड तालुक्यातील गावांत कारखाने आले आणि घरोघरचे वेळापत्रक पाळीप्रमाणे ठरू लागले. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपतो, आई कामावर जाते, आणि मोबाइल मुलाच्या हाती राहतो. 2020 साली साथीमुळे शाळा बंद पडल्या तेव्हा अभ्यासासाठी म्हणून तो दिला गेला. पुढे शाळा उघडल्या, परंतु कित्येक घरांत तो परत घेतला गेला नाही. त्याच यंत्रात बापाच्या पगाराचे खातेही असते. बँकेचा संदेश वाचून दाखविणारे घरातील माणूस पुष्कळदा सातवीतील मूलच असते. म्हणून हा पाठ मुलास दिला असता तो घरासही पोचतो.

आदल्या दिवशी मुलांना आजोबा-आजींकडून मनीऑर्डरची माहिती विचारून आणावयास सांगावे. पोस्टमन दारी येई, सही किंवा अंगठा घेई व रक्कम मोजून देई. पैसे देण्यासाठी त्याने कधी कोणाच्या पेटीची किल्ली मागितली काय, असा प्रश्न वर्गास करावा. मुले हसतील. तेव्हाच फळ्यावर लिहावे : यूपीआयचा पिन ही पेटीची किल्ली होय, पैसे घेताना ती लागत नाही. ‘बक्षीस लागले आहे, हा चौकोन स्कॅन करून पिन टाका’ असे सांगणारा मनुष्य पैसे देत नसून नेत असतो. ओटीपीही असाच कोणास सांगावयाचा नसतो.

यानंतर एका मुलाने बँकेचा साहेब व्हावे, दुसऱ्याने फोन घ्यावा. साहेबाने घाई करावी : ‘पाच मिनिटांत खाते बंद होईल!’ मग भूमिका बदलाव्यात. ठकाचे सोंग घेणाऱ्यास ठकाची युक्ती लवकर उमगते.

पैसे गेलेच, तर तत्काळ 1930 या क्रमांकावर कळवावे. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरविली जाते. ती काढून घेतली जाण्यापूर्वी सूचना मिळाली, तरच बँकेस ती रोखून धरता येते. सायंकाळी बाप उठेपर्यंत वाट पाहणे महागात पडते.

परंतु मूल वाट पाहते, कारण ते भ्यालेले असते. खेळातून ओळख झालेला अनोळखी इसम छायाचित्र मागतो, नंतर तेच दाखवून धमकावितो; बाप मारील या भीतीने मूल गप्प राहते, आणि त्या गप्प राहण्यावरच धमकीचे बळ असते. सांगणाऱ्यास शिक्षा होणार नाही, हे शिक्षकाने वर्गात स्पष्ट शब्दांत सांगावे व पाळावे. 2012 च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा मागणाऱ्याचा आहे, मुलाचा नव्हे. असे काही कळल्यास फोनमधील संदेश पुसू नयेत. ते छायाचित्र पुरावा म्हणून दुसऱ्या शिक्षकासही पाठवू नये. पालकांना विश्वासात घेऊन पोलिसांकडे जावे. मुलांसाठीचा 1098 हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असावा.

मोठ्या मुलांस राईनपाड्याची हकीकत सांगावी. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील या गावी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षुकीवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसांस जमावाने ठार मारले. त्या काळात तसे संदेश मोबाइलवरून फिरत होते. चाकणसारख्या गावी, जेथे दर महिन्यास बिहारचा, विदर्भाचा नवा शेजारी येतो, तेथे असा एक संदेश काय करील, हे मुलांनाच बोलू द्यावे.

काही शाळांच्या पालक-गटांवर शिष्यवृत्तीच्या याद्या आधार व खाते क्रमांकांसह टाकण्याची रीत पडली आहे. त्या याद्या हा पाठ घेण्यापूर्वी काढून टाकाव्यात.