ऑर्थो की जनरल सर्जरी? काय करावे, काय टाळावे

नीट-पीजीचा निकाल हातात पडला की सर्जरीची ओढ असलेले अनेक जण या दोन शाखांपाशी अडतात. एमएस दोन्हीकडे तीन वर्षांची, पहिल्या वर्षाची जागरणेही सारखीच. वेगळे असतात ते रुग्ण, निर्णयाला मिळणारा वेळ आणि अपयशाचे रूप. थरारक ऑपरेशन अधूनमधून येते, ओपीडी मात्र रोज असते. म्हणून शाखा तिच्या रोजच्या कामावरून निवडावी, आणि ते काम इंटर्नशिप संपायच्या आत जवळून पाहावे.

काय करावे

१. दोन्ही ओपीडींत सकाळपासून शेवटच्या रुग्णापर्यंत बसा. ऑर्थोत गुडघे, कंबर, आखडलेला खांदा, प्लास्टर काढायला आलेली मुले. सर्जरीत हर्निया, मूळव्याध, भगंदर, स्तनातली गाठ, मधुमेहाने चिघळलेला पाय. दिवस संपताना आलेल्या कंबरदुखीलाही नीट तपासावेसे वाटले, किंवा दुर्गंधी येणारी जखम स्वतः उघडून पाहावीशी वाटली, तर ते उत्तर महत्त्वाचे माना.

२. दोन्ही विभागांच्या इमर्जन्सीच्या दिवशी रात्रभर थांबा. सर्जरीत पोट लाकडासारखे कडक झालेला रुग्ण येतो, उभ्या एक्स-रेत डायफ्रॅमखाली हवा दिसते आणि काही तासांत पोट उघडावे लागते. आत नेमके काय सापडेल हे बऱ्याचदा उघडल्यावरच कळते. ऑर्थोत दुचाकीवरून पडलेल्याचे उघडे फ्रॅक्चर येते. अँटिबायोटिक लगेच सुरू करणे, पायाची नाडी पाहणे, जखम धुणे, फिक्सेटर लावणे. इथे एक्स-रे समोर असतो आणि ऑपरेशनचा आराखडा आधी मांडता येतो. कोणत्या प्रकारच्या अनिश्चिततेत तुमचे डोके शांत राहते, ते त्या रात्री समजेल.

३. इंटर्नशिपमधली तफावत भरून काढा. २०२१ च्या नियमांनुसार जनरल सर्जरीला सहा आठवडे मिळतात, ऑर्थोला पुनर्वसन विभाग धरून दोनच. दोन आठवड्यांच्या ओळखीवर ऑर्थो नाकारणेही चूक आणि घेणेही. ऐच्छिक पोस्टिंगमध्ये मिळत असेल तर ऑर्थो मागून घ्या.

४. स्क्रब होऊन टाके पडेपर्यंत उभे राहा. आतड्याची जोडणी, चिकटलेल्या थरांतून वाट काढणे, पडद्याकडे पाहत दुर्बिणीची हत्यारे चालवणे: सर्जरीचा हात मऊ ऊतींवर तयार होतो. ऑर्थोत हाड जागेवर बसवताना सी-आर्मच्या सपाट चित्रावरून तिसरी मिती डोक्यात उभी करावी लागते, मग ड्रिल, प्लेट, नेल. कोणते काम करताना वेळेचे भान राहत नाही, ते टिपून ठेवा.

५. बिघडलेल्या केसेस आवर्जून पाहा. आतड्याची जोडणी गळू लागली तर ते साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी लक्षात येते, आणि रुग्ण तासातासाने खालावू शकतो. ऑर्थोत न जुळलेले हाड किंवा हाडातला जंतुसंसर्ग जिवावर क्वचित बेततो, पण तोच माणूस कुबड्या घेऊन वर्षानुवर्षे तुमच्याकडे येत राहतो. एका शाखेत मृत्यूची बातमी नातेवाइकांना सांगण्याचे बळ जास्त लागते, दुसरीत रेंगाळणाऱ्या अपंगत्वाला तोंड देण्याचा धीर. तुमच्याकडे यातले काय आहे, हे प्रामाणिकपणे ठरवा.

६. शेवटच्या वर्षाच्या रेसिडेंटची लॉगबुक पाहायला मागा. स्वतःच्या हाताने किती ऑपरेशने केली, किती नुसती पाहिली? आजारपणात रजा मिळते का? ज्युनिअरला कसे वागवले जाते? अपमान आणि उपासमार हा सर्जरीच्या शिक्षणाचा भाग नाही. तसे चालणाऱ्या युनिटपासून दूर राहा.

७. तालुक्याच्या गावातल्या दोन्ही सर्जनना भेटा. तिथे जनरल सर्जन अपेंडिक्सपासून हायड्रोसील, गळू, भाजलेल्यांपर्यंत सगळे पाहतो. ऑर्थो सर्जनला एक्स-रे, सी-आर्म आणि इम्प्लांटचा साठा यांशिवाय फार काही करता येत नाही. भूलतज्ज्ञ आणि रक्त दोघांनाही वेळेवर लागते. तुम्हाला जिथे राहायचे आहे तिथले वास्तव हे आहे.

काय टाळावे

१. ‘ऑर्थो म्हणजे ताकदीचे काम, मुलींचे नव्हे’ हे ऐकून घेऊ नका. ट्रॅक्शन टेबल, पॉवर ड्रिल, योग्य तरफ आणि तंत्र यांवर काम होते. किरणोत्साराची काळजी स्त्री-पुरुष दोघांनीही घ्यायची: लेड एप्रन, थायरॉइड शील्ड आणि टीएलडी बॅज रोज वापरायचा. गरोदरपण विभागाला कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला मिळणारी मात्रा १ मिलिसिव्हर्टच्या आत राहिली पाहिजे, असा नियम आहे. तो पाळून घेणे हा तुमचा हक्क आहे.

२. रँक ‘वाया जाऊ नये’ म्हणून शाखा घेऊ नका. गेल्या वर्षी कोणती सीट आधी भरली, यावरून तिची मागणी कळते. ती तुम्हाला मानवेल का, हे त्यातून कळत नाही.

३. जनरल सर्जरीला निव्वळ पायरी समजू नका. युरॉलॉजी, न्यूरोसर्जरी, प्लास्टिक, कॅन्सर, पोटविकार यांच्या एमसीएचचे दरवाजे तिथून उघडतात, हे खरे. पण त्यासाठी नीट-एसएस आणि आणखी तीन वर्षे लागतात. सरकारी महाविद्यालयात शिकलात तर बंधपत्राची सेवाही. हवी ती सीट मिळाली नाही, तरी जनरल सर्जन म्हणून समाधानाने काम करू शकाल का? उत्तर ‘नाही’ असेल तर पुन्हा विचार करा.

४. ऑर्थो ‘तीन वर्षांत संपते’ असे धरू नका. सांधेरोपण, आर्थ्रोस्कोपी, मणका, लहान मुलांची हाडे यांत हात बसायला बहुतेकांना पुढे फेलोशिप करावी लागते.

५. आजच्या चलतीवर आयुष्य लावू नका. १९९० मध्ये डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढले, तेव्हा भारतात ते पहिल्यांदाच घडत होते. आज रेसिडेंट ते शिकतात. तुमच्या कारकिर्दीतही तंत्र असेच पालटेल. ज्या शाखेतले पुन्हा पुन्हा शिकायला आवडेल तीच टिकेल.

६. एका आवडत्या सरांवरून किंवा एका कडक मॅडमवरून संपूर्ण विभाग जोखू नका. बदल्या होतात, युनिटे बदलतात. निदान दोन रुग्णालयांतला तोच विभाग पाहा.

७. पसंतीक्रमात चलाखी करू नका. ‘मिळणारच नाही’ म्हणून मनातली सीट खाली ढकलली तर फायदा कोणताच नाही. रँकनुसार तुमची पाळी आली की यादीतली उपलब्ध असलेली सर्वांत वरची सीट तुम्हाला मिळते. म्हणून खरा क्रमच भरा. जी सीट घेऊन सोडावीशी वाटेल ती यादीत टाकूच नका: दंड बसू शकतो, आणि तुमच्यानंतरच्या कोणाला तरी मिळाली असती ती जागा रिकामी जाऊ शकते.

यादी लॉक करण्याआधी दोन्ही शाखांसमोर एकेक वाक्य लिहा: ‘या शाखेतला सर्वांत कंटाळवाणा दिवस मला चालेल, कारण…’ जिथे कारण चटकन आणि खरे सुचेल, ती शाखा वर ठेवा.