समनामी गावे आणि भेदक पद : स्थळनिश्चितीचा एक प्रश्न

१

मराठी वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासात ग्रंथकाराचे गाव हा चरित्राच्या पहिल्या परिच्छेदात उरकून टाकण्याचा तपशील मानला जातो. गावाचे नाव मिळाले की स्थळनिश्चिती झाली, असा समज त्यामागे असतो. परंतु महाराष्ट्रातील स्थळनामांचे स्वरूप पाहता हा समज टिकत नाही. एखाद्या पोथीच्या पुष्पिकेत लेखनिकाने आपले गाव केवळ ‘वडगाव’ असे नोंदवले असेल, तर एकट्या पुणे जिल्ह्यातच वडगाव मावळ, वडगाव निंबाळकर, वडगाव रासाई, वडगाव शेरी, वडगाव काशिंबेग, वडगाव कांदळी, वडगाव आनंद, वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द अशी अनेक गावे पुढे येतात. यांपैकी कोणते गाव घ्यावे, यावर पोथीची परंपरा, तिच्या भाषेतील प्रादेशिक विशेष आणि लेखनिकाचा संप्रदाय यांविषयीची अनुमाने अवलंबून राहतात.

स्थळनामांच्या व्युत्पत्तीकडे मराठी अभ्यासकांचे लक्ष पूर्वीच गेले आहे. वि. का. राजवाडे यांनी या विषयाचा विस्ताराने विचार केला. मात्र व्युत्पत्तिविचाराचा भर नावाच्या मूळ घटकावर, म्हणजे ‘वड’, ‘पिंपळ’, ‘आंबा’ यांसारख्या शब्दांवर राहिला. त्या नावाला पुढे वा मागे जोडल्या जाणाऱ्या शब्दाकडे केवळ व्यवहाराची सोय म्हणून पाहिले गेले. प्रस्तुत लेखात या जोडशब्दाला ‘भेदक पद’ असे म्हटले आहे. हे पद स्वतःच्या काळाचा पुरावा असते आणि साहित्याच्या अभ्यासकाने ते त्याच मर्यादेत वापरले पाहिजे, हे दाखवणे हा लेखाचा हेतू आहे.

२

समनामी गावे इतक्या मोठ्या संख्येने का आढळतात, याचे उत्तर नाव देण्याच्या रीतीतच आहे. वड, पिंपळ, चिंच, बोर, जांभूळ, पळस ही झाडे, पाण्याची जागा, टेकडी किंवा देऊळ यांवरून वस्तीला नाव पडते. ही चिन्हे सर्वत्र असल्यामुळे नावेही सर्वत्र उद्भवतात. ज्यांनी नाव दिले त्यांच्या दृष्टीने त्यात काही संदिग्धता नव्हती, कारण त्यांच्या पंचक्रोशीत वडगाव एकच होते. गावातल्या माणसाला आपल्या गावाचा भेद सांगण्याची गरज क्वचितच पडते. ती पडते बाहेरच्याला. सारा वसूल करणारा अधिकारी, सनद लिहिणारा कारकून, यात्रेकरू, व्यापारी आणि पुढे रेल्वे व टपालखाते यांना दोन वडगावे एका यादीत लिहावी लागली, आणि तेव्हाच भेदक पद आवश्यक झाले. म्हणजे नावाचा पहिला घटक भूमीकडे पाहून आलेला असतो, तर दुसरा घटक यादीकडे पाहून आलेला असतो. दोहोंचे कर्ते वेगळे आणि काळही बहुधा वेगळे.

भेदक पदांचे स्थूल वर्गीकरण केले तर ही गोष्ट स्पष्ट होते. ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ ही सर्वांत परिचित जोडी. फारसी ‘बुजुर्ग’ म्हणजे थोर, वडील. ‘खुर्द’ म्हणजे लहान. कोंढवा, आंबेगाव, वडगाव अशा कितीतरी नावांना ही पदे लागली आहेत आणि महसुली कागदांत ती ‘बु.’ व ‘खु.’ अशी संक्षेपाने येतात. फारसी ही राज्यकारभाराची भाषा असल्याच्या काळाची खूण या जोडीवर आहे. आज एखाद्या खुर्दची वस्ती बुद्रुकपेक्षा मोठी दिसली तरी त्यात विसंगती नाही. पद जेव्हा लागले तेव्हाचे प्रमाण त्यात गोठलेले असते.

दुसरी जोडी ‘कसबे’ आणि ‘मौजे’ यांची. निफाड तालुक्यात कसबे सुकेणे व मौजे सुकेणे, सांगलीजवळ कसबे डिग्रज व मौजे डिग्रज, कागल तालुक्यात कसबा सांगाव व मौजे सांगाव अशी जोडगावे आहेत. येथे भेद आकाराचा नसून दर्जाचा आहे. कसबा म्हणजे बाजारपेठ व कारभाराचे ठाणे असलेले गाव; मौजे म्हणजे शेतीचे साधे खेडे. ‘वडगाव शेरी’मधील ‘शेरी’ आणि ‘पिंपरी दुमाला’मधील ‘दुमाला’ हे शब्द तर सरळ जमीनधारणेच्या परिभाषेतून आलेले आहेत. ‘वडगाव निंबाळकर’मध्ये घराण्याचे नाव आहे, ‘कोरेगाव भीमा’मध्ये नदीचे. ‘आळंदी देवाची’ आणि ‘आळंदी म्हातोबाची’ या पुणे जिल्ह्यातील दोन गावांचा भेद दैवतांनी केला आहे.

अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे ही जोडी कालनिर्णयाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. वऱ्हाडात लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. ‘चांदूर रेल्वे’ हे नाव त्यापूर्वीचे असू शकत नाही. ‘चांदूर’ मात्र निश्चितच जुने असू शकते. त्याहून जुन्या म्हणून पुढे आलेल्या एखाद्या कागदात हे संपूर्ण नाव आढळले, तर तो कागद किंवा निदान त्याची प्रत नंतरची आहे असे मानावे लागेल. एकाच नावाच्या दोन घटकांची वये वेगळी असतात, या विधानाचे याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

३

हा मुद्दा वाङ्मयेतिहासात कसा निर्णायक ठरतो, हे संत नामदेवांच्या जन्मस्थळाच्या प्रश्नावरून दिसते. परंपरेत त्यांच्या कुळाचे गाव म्हणून नरसी-बामणी हे नाव येते. हे गाव कऱ्हाड परिसरातील मानून कृष्णाकाठच्या नरसिंगपुराशी त्याची सांगड घालणारे एक मत आहे. ते मराठवाड्यातील मानणारे दुसरे मत आहे, आणि जन्म पंढरपुरातच झाला असे मानणारे तिसरे. मराठवाड्यातील गाव पूर्वी परभणी जिल्ह्यात होते व १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यापासून त्या जिल्ह्यात आहे. आज ते ‘नरसी नामदेव’ या नावाने ओळखले जाते. नांदेड जिल्ह्यात आणखी एक नरसी असल्याने व्यवहारातही या पदाचा उपयोग होतो.

येथे अभ्यासकाला एक मोह होतो. गावाच्या नावातच ‘नामदेव’ आहे, तेव्हा जन्मस्थळाचा प्रश्न गावानेच सोडवला आहे, असे म्हणण्याचा तो मोह होय. परंतु हा युक्तिवाद चक्राकार आहे. नामदेवांचा जन्म येथे झाला या श्रद्धेतून हे पद लागले. त्याच पदाच्या आधारे ती श्रद्धा सिद्ध करता येणार नाही. ‘नरसी नामदेव’ या नावातून निर्विवादपणे सिद्ध होते ते इतकेच, की या परिसरातील समाजाने नामदेवांशी असलेले नाते आपल्या ओळखीचे मुख्य चिन्ह मानले. रामदासांचे जन्मगाव ‘जांब समर्थ’ याबाबत परंपरेत मतभेद नाही. पण तेथेही जन्मस्थळाचा पुरावा चरित्रसाधनांत शोधावा लागतो, ‘समर्थ’ या पदात नव्हे. हे पद रामदासांच्या कीर्तीनंतरचे आहे. बाल नारायणाच्या काळी गाव केवळ जांब होते.

अर्थात, अशा पदांचे मूल्य यामुळे कमी होत नाही. ते वेगळ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी उपयोगी पडते. संतचरित्राचा अभ्यासक ‘जन्म कोठे झाला’ हे विचारतो. संप्रदायाच्या प्रसाराचा अभ्यासक ‘संताला आपला कोणी म्हटले, आणि केव्हापासून’ हे विचारतो. दुसऱ्या प्रश्नाला भेदक पद हे प्रथम दर्जाचे साधन आहे.

आता याच्या उलट बाजू पाहता येईल. प्राचीन मराठी ग्रंथकारांनी स्थळ सांगताना पुष्कळदा नावापेक्षा परिसरावर भर दिला आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस (शके १२१२) रचनास्थळ सांगताना महाराष्ट्र, गोदावरीचे तीर, पंचक्रोश क्षेत्र आणि महालयेचे अधिष्ठान अशा खुणा दिल्या आहेत. त्या खुणांवरून नेवासे निश्चित केले जाते. नेवासे प्रवरेच्या काठी आहे, व प्रवरा पुढे जवळच गोदावरीस मिळते. म्हणून या खुणांचा अर्थ लावताना क्षेत्राचा विस्तार ध्यानात घ्यावा लागतो. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त हीच पद्धत शास्त्राच्या पातळीवर पोचली आहे. चक्रधरांच्या वास्तव्याची स्थाने गाव, देऊळ, दिशा यांच्या परस्परसंबंधांतून तेथे नोंदवली आहेत. स्थान हे पूज्य असल्यामुळे ते चुकणे परवडणारे नव्हते, आणि केवळ नावावर विसंबले तर ते चुकणार हे संप्रदायाला कळले होते. समनामी गावांच्या प्रश्नाला मराठीने दिलेले हे एक जुने व काटेकोर उत्तर आहे.

४

गावांना जे लागू पडते ते वस्त्यांना अधिक तीव्रतेने लागू पडते. मंगळवार पेठ पुण्यात आहे, तशी सातारा, कोल्हापूर आणि सोलापूर येथेही आहे. सदाशिव पेठ म्हणताच वाचकाच्या मनात पुणे येते. परंतु साताऱ्यातही सदाशिव पेठ आहे. पत्रव्यवहारात वा आठवणींत शहराचे नाव न घेता केवळ पेठ आली, तर पुणे गृहीत धरण्याची सवय अभ्यासकांना लागलेली आहे. ही सवय वाङ्मयीन केंद्राच्या प्रभावाची द्योतक आहे, पुराव्याची नव्हे.

आधुनिक काळात गौरवार्थ नामकरणामुळे समनामांची नवी पिढी तयार झाली. पुण्याजवळचे भांबुर्डे शिवाजीनगर झाले आणि शिवाजीनगर या नावाच्या वस्त्या गावोगाव उभ्या राहिल्या. चिंचवडमध्ये संभाजीनगर नावाचा भाग आहे. २०२३ साली औरंगाबादचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. त्यापूर्वी या शहराला बिहारमधील औरंगाबादपासून वेगळे दाखवावे लागत असे. एक समनाम मागे पडले आणि दुसरे पुढे आले.

साहित्याच्या दृष्टीने सर्वांत गंभीर उदाहरण मात्र जातिवाचक वस्त्यांचे आहे. महारवाडा, मांगवाडा ही नावे गावागणिक तीच होती. येथे समनामाचे कारण झाड किंवा टेकडी नव्हते. गावरचनेने माणसांना नेमून दिलेली जागा सर्वत्र सारखी होती, म्हणून तिचे नावही सारखे होते. दलित आत्मकथनांत या नावाला जे वजन आहे ते त्याच्या सार्वत्रिकतेमुळे. लेखक एका गावाचा महारवाडा सांगतो आणि वाचक आपल्या गावाचा ओळखतो. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, आणि समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे सुचवण्यात आली. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हा निर्णय आवश्यक होता याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांवर त्यामुळे एक जबाबदारी येते. पुढील पिढीचा विद्यार्थी आत्मकथनातील वस्ती नकाशावर शोधू लागेल तेव्हा त्याला ती सापडणार नाही, आणि जी सापडेल ती अनेक समतानगरांपैकी एक असेल. आत्मकथनातील गाव, तालुका, वस्तीचे तेव्हाचे नाव आणि आजचे नाव यांची सांगड ज्यांच्या स्मरणात आहे, ती माणसे असेपर्यंतच ही नोंद होऊ शकते. टीपा व कोश तयार करण्याचे हे काम महाविद्यालयीन पातळीवर सहज हाती घेता येण्याजोगे आहे.

५

वरील विवेचनातून अभ्यासपद्धतीविषयी काही सूत्रे हाती लागतात. पहिले असे की, साधनात स्थळनाम जसे आले असेल तसेच, भेदक पदासह किंवा पदाशिवाय, उतरून घ्यावे. संपादकाने आजचे पूर्ण नाव मूळ पाठात घालू नये. दुसरे असे की, नावाचा मूळ घटक आणि भेदक पद यांचा काळ स्वतंत्रपणे तपासावा. तिसरे असे की, भेदक पद कोणाच्या गरजेतून आले, म्हणजे महसुलाच्या, भक्तीच्या, बाजाराच्या की गौरवाच्या, हे ठरवल्याशिवाय त्याचा पुरावा म्हणून उपयोग करू नये. चौथे असे की, जेथे केवळ नाव मिळते तेथे ‘स्थानपोथी’च्या रीतीने नदी, शेजारगाव, दैवत व वाटा यांच्या संबंधांतून स्थळ निश्चित करावे, आणि ते निश्चित होत नसेल तर प्रसिद्ध गावाला झुकते माप न देता प्रश्न उघडा ठेवावा.

समनामांच्या गोंधळावर आधुनिक शासनव्यवस्थेने काढलेला तोडगा म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला सहा अंकी पिनकोड. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील अधिकारी होते आणि संस्कृतचे नामवंत कवी व नाटककारही होते. पत्र योग्य वडगावी पोचवण्यास अंक पुरेसे आहेत. परंतु अंकातून झाड, नदी, दैवत, वतन किंवा अपमान यांपैकी काहीच वाचता येत नाही. ‘बुद्रुक’, ‘कसबे’, ‘म्हातोबाची’, ‘रेल्वे’, ‘नामदेव’ या पदांतून ते वाचता येते. म्हणून नावातील हा दुसरा शब्द गाळला जातो तेव्हा पत्ता तर अपुरा राहतोच, शिवाय त्या गावाकडे कोणी, कधी आणि कोणत्या नजरेने पाहिले याची उरलेली एकमेव नोंदही कित्येकदा त्याच्याबरोबर नाहीशी होते.