हुकूम पुरत नाही तेव्हा काय? – किगाली शहराने शिकवलेला नेतृत्वाचा धडा



नेतृत्व म्हटलं की पुढे उभं राहून हुकूम देणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. कवायतीच्या तासाला खणखणीत आवाजात ‘सावधान’ म्हणणारा मुलगा आपल्याला नेता वाटतो. सैन्यातलं नेतृत्व म्हणजे तर वरचा हुकूम ऐकायचा आणि खालच्यांना द्यायचा, एवढंच असेल असं वाटतं. पण परदेशात शांतिसेनेत जाणाऱ्या अधिकाऱ्यांना आज वेगळाच प्रश्न सोडवायला शिकवतात. आलेला हुकूम समोरच्या परिस्थितीला पुरत नसेल, तर अधिकाऱ्याने काय करायचं?

या प्रश्नाला एवढं महत्त्व आलं, त्यामागे आफ्रिकेतल्या एका शहराचा मोठा वाटा आहे. ते शहर म्हणजे रवांडा देशाची राजधानी किगाली.

किगालीत काय घडलं?

रवांडात हुतू आणि तुत्सी या दोन समाजांतला तणाव जुना होता. १९९३ मध्ये सरकार आणि बंडखोरांमध्ये शांतता करार झाला. तो नीट पाळला जावा म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाने सुमारे २५०० सैनिकांची शांतिसेना पाठवली. तिचे प्रमुख होते कॅनडाचे रोमेओ दालेर.

जानेवारी १९९४ मध्ये शहरात शस्त्रांचे साठे लपवल्याची खबर दालेर यांना मिळाली. ते साठे जप्त करण्याचा बेत त्यांनी न्यूयॉर्कला कळवला. उत्तर आलं की हे तुमच्या अधिकारात बसत नाही.

६ एप्रिलच्या रात्री राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि लगेच कत्तल सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना आणि त्यांच्या रक्षणासाठी गेलेले १० बेल्जियन सैनिक मारले गेले. बेल्जियमने आपली तुकडी परत बोलावली. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने शांतिसेना २७० माणसांवर आणायचा ठराव केला. पुढच्या साधारण १०० दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. त्यात बहुसंख्य तुत्सी होते, आणि या हिंसेला विरोध करणारे हुतूही होते.

एकच शहर, तीन प्रसंग

पहिला प्रसंग एका शाळेतला आहे. किगालीतल्या एका तंत्रशाळेत बेल्जियन सैनिकांचा तळ होता. त्यांच्या आसऱ्याला सुमारे २००० लोक आले होते. ११ एप्रिलला सैनिकांना निघण्याचा हुकूम आला. लोकांनी विनवण्या केल्या, काही जण गाड्यांसमोर आडवे झाले. पण गाड्या गेल्या. बाहेर टपून बसलेले मारेकरी आत शिरले आणि त्या लोकांपैकी बहुतेक जण मारले गेले. सैनिकांनी हुकूम मोडला नव्हता. कागदावर त्यांचं काही चुकलं नाही.

दुसरा प्रसंग घानाच्या तुकडीचा. दालेर यांचे उपप्रमुख हेन्री अन्यिदोहो घानाचे होते. सगळे निघायच्या तयारीत असताना आम्ही थांबणार, अशी भूमिका त्यांनी घेतली आणि त्यांच्या सरकारनेही ती मान्य केली. जी थोडी माणसं मागे राहिली, त्यांच्यात घानाचे सैनिक मोठ्या संख्येने होते. तुटपुंजी शस्त्रं, अपुरं अन्न, तरीही स्टेडियममध्ये आणि इतर ठिकाणी आसरा घेतलेल्या हजारो लोकांचा जीव त्यांच्यामुळे वाचला.

तिसरा प्रसंग सेनेगलच्या कॅप्टन म्बाय दियान यांचा. ते निरीक्षक होते, त्यांच्याजवळ शस्त्रच नव्हतं. पहिल्याच दिवशी पंतप्रधानांच्या लपलेल्या मुलांना त्यांनी सुरक्षित जागी हलवलं. मग आपल्या गाडीतून एका फेरीत तीन-चार माणसं, अशा फेऱ्या त्यांनी सुरू केल्या. वाटेत जागोजागी मारेकऱ्यांचे नाके होते. कुठे विनोद करून, कुठे सिगारेट देऊन, कुठे थोडे पैसे देऊन ते वाट काढायचे. अशी सुटका करणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. दालेर यांना हे कळलं होतं, पण त्यांनी रोखलं नाही. ३१ मे १९९४ रोजी एका नाक्यावर तोफगोळ्याचा तुकडा लागून दियान गेले. शेकडो माणसं त्यांच्यामुळे जगली. २०१४ मध्ये सुरक्षा परिषदेने असामान्य धैर्यासाठी त्यांच्या नावाचं पदक सुरू केलं.

मग प्रशिक्षणात काय आलं?

दियान यांच्यासारखा माणूस नशिबाने लाभतो, असं म्हणून विषय संपवता आला असता. पण नशिबावर सैन्य चालत नाही. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्वतंत्र चौकशीने या अपयशाची कबुली दिली. त्याच वर्षी सिएरा लिओनला पाठवलेल्या शांतिसेनेला सामान्य नागरिकांचं रक्षण करण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत लिहून दिला गेला.

२०१५ मध्ये किगालीतच एक परिषद भरली आणि तिथे १८ तत्त्वं मांडली गेली. ती ‘किगाली तत्त्वं’ म्हणून ओळखली जातात. त्यांतलं पहिलंच प्रशिक्षणाबद्दल आहे. नागरिकांचं रक्षण कसं करायचं हे प्रत्येक सैनिकाला निघण्याआधी शिकवायचं. दुसरं तत्त्व तुकड्यांच्या प्रमुखांच्या तयारीबद्दल आहे. आणखी एक तत्त्व असं, की वेळ आणीबाणीची असेल तर नागरिकांना वाचवण्यासाठी बळ वापरायचा अधिकार जागेवरच्या प्रमुखाकडे असावा, त्याने मायदेशातून परवानगी येण्याची वाट बघत बसू नये.

असं प्रशिक्षण देणारी केंद्रं अनेक देशांत आहेत. घानाच्या अक्रा शहरात कोफी अन्नान यांच्या नावाचं केंद्र आहे. आपल्याकडे दिल्लीत २००० पासून भारतीय सेनेचं केंद्र चालतं. या क्षेत्रातल्या सरावांसाठी ‘काराना’ नावाचा एक काल्पनिक देश तयार केलेला आहे. त्याचा नकाशा आहे, इतिहास आहे, भांडणारे पक्ष आहेत. अधिकाऱ्यांपुढे प्रसंग ठेवतात: नाक्यावर जमाव आहे, रस्ता बंद आहे, वरिष्ठांशी संपर्क होत नाही. आता काय कराल? कोणाशी बोलाल? निर्णय घ्यायचा, त्याची कारणं सांगायची, आणि शेवटी सगळ्यांनी बसून काय बरोबर झालं, काय चुकलं ते बोलायचं.

म्हणजे दियान यांनी नाक्यावर जे केलं, त्यातला बोलण्याचा, माणूस ओळखण्याचा भाग सरावाने शिकवता येतो. धैर्य थेट शिकवता येत नाही. पण त्या क्षणी विचार करायची सवय लावता येते.

मग हुकूम पाळणं वाईट का?

मुलं हा प्रश्न नक्की विचारतील. उत्तर नीट द्यायला हवं. शिस्त नसलेलं सैन्य म्हणजे टोळी. घानाच्या तुकडीतले सैनिक स्वतःच्या प्रमुखाचंच ऐकून जागेवर राहिले होते. पण दुसरी बाजूही सांगा. किगालीत कत्तल करणाऱ्यांतले अनेक जणसुद्धा वरून आलेला हुकूमच पाळत होते. आज्ञाधारकपणा हा गुण आहे, पण तो एकटा पुरत नाही. हुकूम कशासाठी आहे, हे कळलं तरच तो नीट पाळता येतो. शांतिसेनेचा हेतू माणसं वाचवणं हा होता. हेतू विसरला की नियम पाळूनही काम बिघडतं.

आपल्या वर्गात काय करता येईल?

आपल्या वर्गातल्या मॉनिटरकडे बघा. बऱ्याचदा त्याचं एकच काम असतं, बोलणाऱ्या मुलांची नावं फळ्यावर लिहिणं. यातून तो पहारा शिकतो, नेतृत्व नाही. त्याऐवजी ‘आज डबा न आणलेलं कोण आहे ते बघ’, ‘नवीन आलेल्या मुलीला शाळा दाखव’ अशी कामं द्या.

पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी एक उपक्रम सुचवतो. पाच-पाच मुलांचे गट करा आणि एक प्रसंग द्या. सहलीत बाईंनी सांगितलंय, ‘मी येईपर्यंत कोणी जागा सोडायची नाही.’ तेवढ्यात एक मुलगा पडतो, रक्त येतं, बाई दिसत नाहीत. गटाने पाच मिनिटांत ठरवायचं. मग हे चार प्रश्न विचारा:

१. बाईंनी तो नियम का केला होता?
२. तुम्ही काय ठरवलं आणि कोणी काय करायचं?
३. तुमच्या निर्णयामुळे आणखी कोणी धोक्यात येईल का?
४. नंतर बाईंना काय सांगाल?

चौथा प्रश्न सोडू नका. स्वतः निर्णय घेतला की त्याचा जाबही स्वतःच द्यायचा असतो, हे मुलांना तिथे कळतं.

पालकांनाही एक विनंती. ‘सांगितलं तेवढंच कर’ हे वाक्य घरात दिवसातून किती वेळा येतं ते मोजून बघा. सांगताना सोबत कारणही सांगा. मुलाने एखाद्या वेळी सांगण्यापलीकडे जाऊन काही केलं, तर रागावण्याआधी ‘तू असं का केलंस?’ एवढं विचारा आणि त्याचं उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्या.